पीएचपीमध्ये ॲरेच्या पेजिनेशनच्या युनिट टेस्ट कशा लिहाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पीएचपीत लिहिलेला, लांब यादीची पाने पाडणारा एक पेजिनेटर क्लास पानाचा क्रमांक यूआरएलमधून, म्हणजे गेट या सुपरग्लोबल (कोडमध्ये कुठूनही वाचता येणाऱ्या) ॲरेतून, स्वतःच वाचतो. मग ॲरे_स्लाइस या फंक्शनने त्या पानाच्या नोंदी काढतो, एकूण पाने मोजतो आणि त्या नोंदी जेसनच्या रूपात ब्राउझरकडे पाठवतो. ॲरे_स्लाइसला चौथा आर्ग्युमेंट म्हणून ट्रू दिलेले आहे. पीएचपीयुनिट या टेस्ट चालवणाऱ्या साधनात सगळ्या टेस्ट पास होतात, कव्हरेजही (टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या याचे प्रमाण) शंभर टक्के दिसते, तरीही दुसऱ्या पानावर गेले की ब्राउझरमधील यादी रिकामी येते. मग टेस्टमध्ये नेमके काय तपासायला हवे होते?

तुमच्या टेस्ट पास होतात, कारण त्या सगळ्या पहिल्याच पानावर चालत आहेत. पीएचपीयुनिट कमांड लाइनवरून चालते आणि तिथे कोणतीही वेब विनंती नसल्यामुळे गेट हा ॲरे रिकामा असतो. त्यामुळे क्लासच्या आत ‘क्रमांक नसेल तर १ धरा’ अशी जी ओळ आहे, तिची नेहमी उजवी बाजूच, म्हणजे १, निवडली जाते. ती ओळ एकदा चालली की कव्हरेजच्या हिशेबात ती पूर्ण झाली. दुसऱ्या पानाचा विचार एकाही टेस्टने केलेला नाही, ही गोष्ट त्या अहवालात कुठेही दिसणार नाही. क्रमांक वाचण्यासाठी फिल्टर_इनपुट वापरले असेल तर अडचण आणखी वाढते, कारण ते फंक्शन मूळ विनंतीतील किंमत वाचते आणि टेस्टमध्ये गेट ॲरेत हाताने भरलेली किंमत त्याला दिसतच नाही.

पेजिनेशनमध्ये पहिले पान हे सर्वांत कमी माहिती देणारे पान आहे. पानाच्या क्रमांकातून एक वजा केला की शून्य उरते आणि शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच येते, म्हणून गुणाकारात चुकीचा आकडा घेतला असला तरी पहिल्या पानावर ते कळत नाही. ॲरेच्या की (नोंदींची ओळख देणारे क्रमांक किंवा नावे) आणि पानावरील स्थाने तिथे जुळतात, त्यामुळे की जपल्या आहेत की नव्याने दिल्या आहेत हेही कळत नाही. ॲरे_स्लाइसचा तिसरा आर्ग्युमेंट म्हणजे लांबी असते. जावास्क्रिप्टच्या स्लाइस या मेथडमध्ये मात्र दुसरा आर्ग्युमेंट शेवटच्या स्थानाचा असतो. दोन्ही भाषांत रोज काम करणाऱ्या माणसाकडून इथे गफलत होते, आणि पहिल्या पानावर लांबी व शेवटचे स्थान एकच असल्यामुळे ती गफलतही खपून जाते.

म्हणून सर्वप्रथम क्लासचे दोन भाग करा. एक भाग फक्त हिशेब करणारा असावा: त्याला ॲरे, पानाचा क्रमांक आणि दर पानावरील नोंदींची संख्या कन्स्ट्रक्टरमधून किंवा आर्ग्युमेंट म्हणून मिळावी, आणि त्याने सुपरग्लोबल, सेशन, एचटीएमएल यांपैकी कशालाही हात लावू नये. दुसरा लहानसा भाग विनंतीतून आलेल्या कच्च्या किमतीचे वैध क्रमांकात रूपांतर करणारा असावा. टेस्टमध्ये गेट ॲरे भरून आणि नंतर पुसून काम भागवता येते, हे खरे आहे. पण मग प्रत्येक टेस्ट आधीच्या टेस्टने काय मागे ठेवले यावर अवलंबून राहू लागते. हिशेबाचा भाग वेगळा काढणे हे त्यापेक्षा कमी श्रमाचे काम आहे.

आता नमुन्याचा डेटा. बहुतेक टेस्टमध्ये १ ते १० आकड्यांचा ॲरे आणि दर पानावर ५ किंवा २ नोंदी अशी निवड दिसते. सोयीची असली तरी ती वाईट निवड आहे. नोंदीची किंमत आणि तिचे स्थान दोन्ही आकडेच असतील, तर कुठे किमतीऐवजी की परत आली आहे हे नजरेतून सुटते, म्हणून किमती अक्षरांच्या घ्याव्यात. संख्या निवडताना एकूण नोंदी, दर पानावरील नोंदी आणि पानांची संख्या हे तिन्ही आकडे एकमेकांपासून वेगळे असावेत. ९ नोंदी आणि दर पानावर ३ असे घेतले तर पानेही ३ होतात, आणि कोडमध्ये या दोन संख्यांची अदलाबदल झाली असली तरी टेस्ट पास होते. ७ नोंदी आणि दर पानावर २ घेतल्यास दुसऱ्या पानाची सुरुवात २ या स्थानापासून होते, म्हणजे ऑफसेट (सुरुवातीचे स्थान), पानाचा क्रमांक आणि पानाचा आकार हे तिन्ही २ होतात. ११ आणि ४ ही जोडी बरी वाटते, पण भागाकार २.७५ येतो, आणि वरच्या पूर्णांकाकडे नेणाऱ्या सील ऐवजी चुकून जवळच्या पूर्णांकाकडे नेणारे राउंड वापरले असले तरी उत्तर ३ च मिळते.

मी अशा कामासाठी ९ नोंदी आणि दर पानावर ४ ही जोडी वापरतो. भागाकार २.२५ येतो, त्यामुळे फ्लोर (खालच्या पूर्णांकाकडे नेणारे फंक्शन) आणि राउंड या दोघांचेही उत्तर २ येते आणि फक्त सील ३ देते. क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट या नऊ अक्षरांचा ॲरे घेतला तर पहिल्या पानावर क ते घ, दुसऱ्यावर च ते झ आणि तिसऱ्यावर एकटा ट यायला हवा. वर सांगितलेली लांबीची गफलत झाली असेल, तर दुसऱ्या पानावर च ते ट अशी पाच अक्षरे येतील आणि टेस्ट लगेच पडेल. विशेष म्हणजे हीच गफलत तिसऱ्या पानावर पुन्हा लपते, कारण आठव्या स्थानापासून कितीही नोंदी मागितल्या तरी ॲरेत एकच उरलेली असते. उलट, ऑफसेट म्हणून सरळ पानाचा आकारच वापरण्याची चूक दुसऱ्या पानावर लपते आणि तिसऱ्यावर उघड होते. म्हणून पहिले, एखादे मधले आणि अपूर्ण असलेले शेवटचे, ही तिन्ही पाने तपासावी लागतात.

अपेक्षित उत्तर टेस्टमध्ये थेट लिहावे. टेस्टच्या आत पुन्हा ‘पान वजा एक गुणिले आकार’ हे सूत्र लिहून त्याच्याशी तुलना करणारे कोड मी अनेकदा पाहिले आहे. अशी टेस्ट मूळ कोडमधील चुकीची प्रतच काढते आणि दोन्ही चुका एकमेकींशी जुळल्यामुळे समाधानाने पास होते.

आता तुमच्या रिकाम्या यादीकडे वळू. ॲरे_स्लाइसचा चौथा आर्ग्युमेंट फॉल्स असतो तेव्हा पूर्णांकी की नव्याने शून्यापासून दिल्या जातात. तो ट्रू केला की मूळ की कायम राहतात. तुमच्या कोडमध्ये तो ट्रू आहे, त्यामुळे पहिल्या पानाच्या की ० ते ३ आणि दुसऱ्या पानाच्या ४ ते ७ असतात. जेसन_एनकोड हे फंक्शन शून्यापासून सलग की असलेल्या ॲरेचीच जेसन यादी करते. बाकी कोणत्याही ॲरेचे ते जेसन ऑब्जेक्ट करते. म्हणजे पहिल्या पानावर ब्राउझरला यादी मिळते आणि दुसऱ्या पानापासून ऑब्जेक्ट मिळते, ज्याला लेंग्थ नसते आणि मॅप ही मेथडही नसते. सर्व्हरवर कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही, कारण सर्व्हरच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते.

तो ट्रू काढून टाकावा का, हे मात्र तुमच्या ॲरेवर अवलंबून आहे. की म्हणजे केवळ स्थान असेल तर अवश्य काढा. पण ॲरे आयडीनुसार बांधलेला असेल, उदाहरणार्थ १०१, २०५, ३१७ अशा की असतील आणि पुढे त्या कीवरूनच संपादनाची लिंक तयार होत असेल, तर की नव्याने दिल्यावर सगळ्या लिंक ०, १, २ कडे जातील. आयडी अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून, लिहिल्याने बचाव होत नाही. पीएचपी दशमान पूर्णांकासारख्या दिसणाऱ्या स्ट्रिंग की स्वतःहून पूर्णांकात बदलते. अक्षरी की मात्र दोन्ही परिस्थितींत कायम राहतात. तेव्हा पेजिनेटरने की जपायच्या की नाहीत हे आधी ठरवावे, ते मेथडच्या नावात किंवा टिपणीत लिहावे, आणि त्यासाठी स्वतंत्र टेस्ट ठेवावी. जपायच्या असतील तर जेसनमध्ये पाठवण्याच्या टप्प्यावर ॲरे_व्हॅल्यूज लावणे ही दुसऱ्या कोणाची तरी जबाबदारी ठरते आणि तिचीही टेस्ट तिथेच असायला हवी. पीएचपी ८.१ पासून ॲरे_इज_लिस्ट हे फंक्शन उपलब्ध आहे. दुसऱ्या पानावर ते ट्रू देते का, एवढी एक तपासणी असती तरी तुमचा दोष पकडला गेला असता.

यावरून असर्शनच्या, म्हणजे टेस्टमधील तपासणीच्या विधानाच्या, निवडीचा मुद्दा येतो. तुमच्या टेस्ट बहुधा असर्ट काउंट आणि असर्ट कंटेन्स वापरत असाव्यात. चार नोंदी आल्या आणि त्यांत क आहे, एवढेच त्या सांगतात. पेजिनेशनच्या निकालाची तुलना पूर्ण ॲरेशी आणि असर्ट सेमने करावी. असर्ट सेममागे तिहेरी बरोबर चिन्हाची तुलना असते, म्हणजे की, किमती, त्यांचे प्रकार आणि क्रम सगळे जुळावे लागते. असर्ट इक्वल्स सैल तुलना करते: तिथे १ हा पूर्णांक आणि ‘१’ ही स्ट्रिंग सारखेच ठरतात, आणि अक्षरी की असलेल्या ॲरेत नोंदींचा क्रम बदलला तरी तिला फरक पडत नाही. जिथे क्रम हाच विषयाचा गाभा आहे तिथे एवढी उदारता नको. असर्ट इक्वल्स कॅनोनिकलायझिंग तर तुलनेपूर्वी दोन्ही ॲरे क्रमाने लावून घेते, त्यामुळे की आणि क्रम दोन्ही तपासणीतून निघून जातात; पेजिनेशनच्या टेस्टमध्ये तिला जागाच नाही.

असर्ट सेम वापरू लागल्यावर बहुतेकांना पहिला धक्का पानांच्या संख्येत बसतो. सील हे फंक्शन पीएचपीत पूर्णांक देत नाही, फ्लोट (दशांश संख्या) देते, त्यामुळे ‘३.० हे ३ शी तंतोतंत सारखे नाही’ असे सांगून टेस्ट पडते. इथे असर्ट इक्वल्सकडे परत जाण्याचा मोह आवरावा. मेथडला पूर्णांकाचा रिटर्न टाइप द्या आणि सीलच्या उत्तराचे पूर्णांकात रूपांतर करा. फाइलमध्ये स्ट्रिक्ट टाइप्स (प्रकारांची काटेकोर तपासणी) चालू असतील तर रूपांतर न करता फ्लोट परत केल्यास टाइप एरर येतो, आणि ते चांगलेच आहे. मला स्वतःला एकूण नोंदींत पानाचा आकार मिळवून, त्यातून एक वजा करून, त्या संख्येला इंटडिव्हने (पूर्णांकी भागाकाराच्या फंक्शनने) भागण्याची पद्धत आवडते, कारण तिच्यात फ्लोट कुठेच येत नाही.

पानांच्या संख्येसाठी डेटा प्रोव्हायडर, म्हणजे एकाच टेस्टला किमतींचे वेगवेगळे संच पुरवणारी मेथड, लिहावा. पीएचपीयुनिटच्या सध्याच्या आवृत्त्यांत प्रोव्हायडरची मेथड पब्लिक आणि स्टॅटिक असावी लागते आणि तिची जोडणी ॲट्रिब्यूटने केली जाते. प्रत्येक संचाला अक्षरी कीच्या रूपात नाव द्या, म्हणजे टेस्ट पडल्यावर ‘पानाच्या आकाराहून एक जास्त’ असे नाव पडद्यावर दिसते आणि कितवा संच पडला हे मोजत बसावे लागत नाही. आकार ४ धरल्यास एकूण नोंदींच्या ०, १, ३, ४, ५, ८ आणि ९ या किमती पुरतात. यांपैकी ४ आणि ८ फार महत्त्वाचे आहेत. भागाकाराचा फ्लोर घेऊन त्यात एक मिळवण्याची पद्धत ९ साठी बरोबर ३ देते, पण ८ साठी ती २ ऐवजी ३ देते, आणि वापरकर्त्याला शेवटी एक कोरे पान दिसते.

शून्य नोंदींसाठी उत्तर ० पाने की १ पान, याला एकच बरोबर उत्तर नाही. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या लेंग्थ अवेअर पेजिनेटरमध्ये शेवटच्या पानाचा क्रमांक कमीत कमी १ ठेवलेला आहे, आणि मीही तीच बाजू घेईन, कारण ‘० पैकी पान १’ असा मजकूर कुठेतरी छापला जाण्याची शक्यता त्यामुळे टळते. मात्र निर्णय कोणताही असो, तो टेस्टमध्ये लिहिलेला असावा. रिकाम्या ॲरेची टेस्ट लिहिताना ‘अमुक ते अमुक नोंदी’ हा मजकूर बनवणारी मेथडही तपासून घ्या. ऑफसेटमध्ये एक मिळवण्याच्या सवयीमुळे तिथे ‘१ ते ०’ असे हमखास छापले जाते. नऊ नोंदींच्या तिसऱ्या पानावर हीच मेथड ‘९ ते १२’ दाखवते का हेही बघावे.

अवैध किमतींच्या बाबतीत पीएचपी फार सहनशील आहे आणि त्या सहनशीलतेमुळेच दोष लपतात. पानाचा क्रमांक ० आला तर ऑफसेट उणे ४ होतो. ॲरे_स्लाइसला ऋण ऑफसेट चालतो, ते शेवटून मोजायला सुरुवात करते, आणि आपल्या नमुन्यात छ ते ट ही शेवटची चार अक्षरे परत येतात. उणे १ दिल्यास ख ते च येतात. उणे २ दिल्यास ऑफसेट ॲरेच्या सुरुवातीच्याही मागे जातो, म्हणून तो शून्य धरला जातो आणि चक्क पहिले पान मिळते. त्रुटी नाही, इशारा नाही. पानाचा आकार उणे ४ दिला तर पहिल्या पानावर शेवटची चार सोडून क ते च ही पाच अक्षरे येतात. आकार ० असेल तेव्हा भागाकारात पीएचपी ८ डिव्हिजन बाय झीरो एरर फेकते, तर पीएचपी ७ मध्ये केवळ इशारा येऊन गणित पुढे चालत असे. ही सगळी उत्तरे भाषेने ठरवलेली आहेत, तुम्ही नाही. आणि टेस्टचे काम तुमचा निर्णय नोंदवण्याचे आहे.

माझा सल्ला असा की पानाच्या आकाराच्या बाबतीत कठोर राहावे. तो बहुधा तुमच्याच कोडमधून येतो, म्हणून एकपेक्षा कमी किमतीवर कन्स्ट्रक्टरने इनव्हॅलिड आर्ग्युमेंट एक्सेप्शन फेकावे आणि एक्स्पेक्ट एक्सेप्शन वापरून त्याची टेस्ट लिहावी. ही अपेक्षा एक्सेप्शन फेकणाऱ्या ओळीच्या आधी नोंदवावी लागते, हे नवख्यांच्या लक्षात राहत नाही. पानाचा क्रमांक वापरकर्त्याकडून येतो, त्यामुळे तिथे धोरण ठरवावे लागते: मर्यादेबाहेरचा क्रमांक आला तर जवळच्या वैध पानावर आणायचे, रिकामी यादी द्यायची, की एक्सेप्शन फेकून वरच्या थराला ४०४ देऊ द्यायचे. लोकांच्या डोळ्यांसाठी असलेल्या पानावर पहिला पर्याय सुखाचा असतो, पण ज्या एपीआयमधून दुसरा प्रोग्राम पान वाढवत वाढवत वाचत जातो तिथे तो घातक ठरतो, कारण वाचणाऱ्याला शेवटचे पान पुन्हापुन्हा मिळत राहते आणि त्याचे चक्र थांबतच नाही.

क्रमांक वाचणाऱ्या छोट्या भागाची टेस्ट पूर्णपणे वेगळी ठेवावी, कारण तिथला डेटा वेगळ्या स्वरूपाचा असतो. केवळ इंटमध्ये कास्ट करणे, म्हणजे किंमत जशी असेल तशी पूर्णांकात बदलणे, पुरेसे नाही: ‘२एबीसी’चे २ होतात, ‘एबीसी’चे आणि रिकाम्या स्ट्रिंगचे ० होतात, ‘२.५’चे २ होतात. कोणी यूआरएलमध्ये पेज या नावापुढे चौकटी कंस लिहिले तर किंमत ॲरे म्हणून येते, आणि रिकामा नसलेला कोणताही ॲरे कास्ट केला की १ मिळतो, मग आत ९९ का असेना. फिल्टर_व्हार या फंक्शनला पूर्णांक तपासण्याचा फिल्टर आणि किमान मर्यादा १ दिली की ही सगळी प्रकरणे फॉल्स या एकाच उत्तरात येतात. ते पुढेमागे असलेल्या मोकळ्या जागा मान्य करते, मात्र ‘००७’ सारखे पुढे शून्ये असलेले क्रमांक नाकारते. तुम्हाला ते चालणार असेल तर तसे, नसेल तर तसे, डेटा प्रोव्हायडरमध्ये एक ओळ असू द्या.

एक प्रकरण बहुतेक टेस्टमध्ये राहून जाते. ६४ बिटच्या यंत्रावर पीएचपीचा सर्वांत मोठा पूर्णांक ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आहे आणि तो फिल्टरमधून सुखरूप पार होतो, कारण तो खरोखरच पूर्णांक आहे. पण त्यातून एक वजा करून चारने गुणल्यावर उत्तर पूर्णांकाच्या मर्यादेत मावत नाही, त्याचे फ्लोट होते, आणि तो फ्लोट ॲरे_स्लाइसला दिला की पीएचपी ८ टाइप एरर फेकते. म्हणजे यूआरएलमध्ये एक लांब आकडा टाकून कोणीही ५०० क्रमांकाची त्रुटी आणू शकतो. उपाय सोपा आहे: गुणाकारापूर्वीच क्रमांकाची तुलना एकूण पानांशी करावी. क्रमाची ही बाब कोड वाचून सहज कळत नाही, म्हणून तिची टेस्ट असायलाच हवी.

ठरावीक उदाहरणांच्या जोडीला एक सर्वसाधारण टेस्ट लिहिण्यासारखी आहे. एकूण नोंदी ० ते ३० आणि पानाचा आकार १ ते १० असे सगळे संयोग घ्या, प्रत्येकासाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पाने मागा, ती ॲरे_मर्जने जोडा आणि निकाल मूळ ॲरेशी असर्ट सेमने ताडून पाहा. की जपणारा पेजिनेटर असेल तर ॲरे_मर्ज पूर्णांकी की बदलून टाकेल, म्हणून तिथे अधिक चिन्हाने ॲरे जोडावेत. एकही नोंद गळलेली नाही, दुबार आलेली नाही आणि क्रम बिघडलेला नाही, हे या एकाच टेस्टमधून समजते. तिच्यात एक फट मात्र आहे. पानांची संख्या एकाने जास्त मोजली गेली तर शेवटी केवळ एक रिकामा ॲरे जोडला जातो आणि बेरीज तीच राहते. म्हणून नोंदी असतील तेव्हा शेवटचे पान रिकामे नसावे आणि त्याआधीचे प्रत्येक पान पूर्ण भरलेले असावे, या दोन अटी तिथेच तपासाव्यात.

आणखी दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे ॲरे_स्लाइसच्या जागी ॲरे_स्प्लाइस लिहिले जाणे. एका अक्षराचा फरक, पण दुसरे फंक्शन मूळ ॲरेतून नोंदी कापून काढते आणि कापलेल्या नोंदीच परत देते, त्यामुळे पहिल्यांदा मागितलेले पान अगदी बरोबर येते. एकाच ऑब्जेक्टकडून तेच पान दोनदा मागणारी टेस्ट लिहिली की ही चूक उघडी पडते. दुसरा सापळा क्रमाचा आहे. २०२० साली आलेल्या पीएचपी ८.० पासून सॉर्टिंग स्थिर झाले, म्हणजे तुलनेत समान ठरणाऱ्या नोंदींचा आपसातील क्रम टिकतो. पीएचपी ७ मध्ये अशी हमी नव्हती, पण १६ पर्यंत नोंदींच्या ॲरेसाठी आत इन्सर्शन सॉर्ट वापरले जात असल्याने प्रत्यक्षात तिथे क्रम टिकायचा. त्यामुळे नऊ नोंदींची टेस्ट पास व्हायची आणि मोठ्या यादीत समान तारखेच्या नोंदी भलत्याच क्रमाने पानांवर विखुरल्या जायच्या. जुन्या आवृत्तीवर अजून काम चालू असेल तर सॉर्टिंगची टेस्ट किमान वीस-पंचवीस नोंदींवर घ्या आणि तुलनेत शेवटचा निकष म्हणून आयडी जोडा.

लाराव्हेल वापरत असाल तर हेच दोन प्रश्न नव्या वेशात भेटतात. लेंग्थ अवेअर पेजिनेटर त्याला दिलेल्या नोंदी कापत नाही. त्या पानापुरत्याच नोंदी आधीच कापून द्याव्या लागतात. पूर्ण कलेक्शन दिले तर लिंक अचूक दिसतात आणि प्रत्येक पानावर सगळी यादी येते. कापण्यासाठी कलेक्शनची फॉर पेज ही मेथड वापरली जाते, पण ती मूळ की जपते, त्यामुळे पुढे व्हॅल्यूज लावले नाही तर जेसनमध्ये दुसऱ्या पानापासून तुमच्याच तक्रारीची पुनरावृत्ती होते. फ्रेमवर्कच्या क्लासची टेस्ट लिहिण्याची गरज नाही. तुम्ही त्याला काय हवाली करता याची लिहावी.

लिंकच्या बाबतीत फार वेळ घालवू नये. कोणते पान क्रमांक दाखवायचे आणि कुठे टिंबे द्यायची हे ठरवणारी मेथड आकड्यांचा साधा ॲरे परत करील अशी लिहा आणि त्या ॲरेची टेस्ट घ्या. पूर्ण एचटीएमएलची अक्षरशः तुलना करणारी टेस्ट एखाद्या क्लासचे नाव बदलले तरी पडते.

एवढे झाल्यावर टेस्ट खरोखर काही पकडतात का हे बघण्यासाठी इन्फेक्शन हे म्युटेशन टेस्टिंगचे साधन चालवा. ते कोडमध्ये मुद्दाम लहान बिघाड करते, जसे की वजाच्या जागी अधिक किंवा सीलच्या जागी फ्लोर, आणि त्या बिघडलेल्या कोडवर तुमच्या टेस्ट पडतात का हे पाहते. त्यासाठी एक्सडीबग किंवा पीसीओव्हीसारखे कव्हरेज देणारे एक्स्टेन्शन बसवलेले असावे लागते. पेजिनेटरसारख्या लहान, केवळ हिशेब करणाऱ्या क्लाससाठी कव्हरेजच्या टक्केवारीपेक्षा या अहवालावर मी जास्त विश्वास ठेवतो. काही बिघाड मात्र कोणत्याही टेस्टने पकडले जाणार नाहीत. क्रमांक एकूण पानांपेक्षा मोठा असेल तर तो एकूण पानांइतका करा, या अटीत ‘मोठा’ऐवजी ‘मोठा किंवा समान’ असा बदल झाला, तर समान असताना तीच किंमत पुन्हा तिथेच ठेवली जाते आणि वर्तनात काहीच फरक पडत नाही. असा बदल अहवालात टिकून राहिलेला दिसला तर त्याच्यासाठी नवी टेस्ट शोधत बसू नका. ती लिहिताच येणार नाही.